तुमच्याकडे चालतो, माझ्याकडे नाही: ऑफिसातल्या शेअर्ड ॲक्सेस डेटाबेसचं दुखणं

"डेटाबेस बंद पडलाय, लगेच या." असा फोन आला की पूर्वी मी तडक गाडीला किक मारायचो. आता आधी विचारतो, "सगळ्यांकडे बंद आहे की काहींकडेच?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "माझ्याकडे उघडत नाही, पण शेजारच्या मॅडमकडे व्यवस्थित चालू आहे."

मॅडमकडे चालू आहे, म्हणजे फाईल शाबूत आहे आणि सर्व्हरही जागा आहे. तरीसुद्धा ऑफिसात पहिला हात फाईललाच घातला जातो. सगळ्यांना ओरडून बाहेर काढायचं, सर्व्हर बंद-चालू करायचा, 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' (फाईल आवळून दुरुस्त करायची ॲक्सेसमधली आज्ञा) मारायचं. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी पुन्हा फोन. एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जुलै ते डिसेंबर हे चक्र मी नऊ वेळा बघितलं, आणि त्यातल्या पहिल्या पाच वेळा मीही तेच केलं. सहाव्यांदा लाज वाटली. ही हकीकत त्याच ऑफिसची. नावगाव सांगत नाही, पण अशी ऑफिसं तुमच्याही पेठेत असतील.

अकरा कॉम्प्युटर. कोपऱ्यात, झेरॉक्स मशीनच्या मागे, सर्व्हर म्हणून वापरला जाणारा एक टॉवर. त्यावर शेअर केलेला फोल्डर आणि त्यात मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या दोन फाईली. एकीत नुसती टेबलं, म्हणजे बॅक एंड. दुसरीत फॉर्म, रिपोर्ट आणि कोड, म्हणजे फ्रंट एंड. पक्षकारांची यादी, इनवर्ड-आउटवर्ड, फीची बिलं, येणे बाकी, सगळा संसार त्यात. बनवणारा मुलगा कधीच नोकरी सोडून गेला. त्याने डेटाबेसचे दोन भाग केले हे चांगलं केलं, पण दोन्ही भाग सर्व्हरवरच ठेवले आणि अकराही जणांना त्या एकाच फ्रंट एंडचा शॉर्टकट दिला. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागेल.

रोज तेच मशीन, की रोज वेगळं?

सहाव्या वेळी मी काहीच दुरुस्त केलं नाही. दोनशे पानी वही आणली आणि हेड क्लार्क काकांच्या टेबलावर ठेवली. रकाने पाच: तारीख, कुठलं मशीन, त्यावर कुणाचं लॉगिन, एररचा क्रमांक, आणि कारण. शेवटचा रकाना माझ्यासाठी. क्रमांक लिहायचा कंटाळा असेल तर पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाका म्हटलं, पण 'चालत नाही' असं लिहायचं नाही. 'चालत नाही' हा एरर मायक्रोसॉफ्टने अजून काढलेला नाही.

काका आधी वैतागले. पण दोन आठवड्यांनी वही उघडली तेव्हा जे दिसलं ते मी पाच फेऱ्यांत बघू शकलो नव्हतो. तीन मशीन अशी होती जी कायमच अडायची, आणि तिघांचे एरर वेगवेगळे. शिवाय एक चौथा प्रकार होता, काही ठरावीक दिवशी जवळजवळ सगळ्यांकडेच यायचा आणि इतर दिवशी कुणाकडेच नाही. तक्रार एक, रोग चार. एकाच गोळीने बरं वाटणार कसं?

म्हणून हा पहिला प्रश्न. नेहमी तेच मशीन अडत असेल तर दोष त्या मशीनमध्ये किंवा त्यावरच्या लॉगिनमध्ये आहे. अडणारं मशीन रोज बदलत असेल तर लॉक, फोल्डरची परवानगी किंवा नेटवर्क बघायचं.

पहिल्या प्रकारात आणखी एक सोपी चाचणी आहे, दहा मिनिटांची. ज्यांच्याकडे चालत नाही त्यांना चांगल्या मशीनवर त्यांच्याच लॉगिनने बसवा, आणि चांगल्या मशीनवाल्याला बिघडलेल्या मशीनवर. दोष माणसाबरोबर चालत गेला तर परवानगी नाहीतर ट्रस्टची सेटिंग (कुठल्या फोल्डरवर विश्वास ठेवून कोड चालू द्यायचा ती). दोष खुर्चीपाशीच राहिला तर मायक्रोसॉफ्ट ऑफिसची आवृत्ती, ड्राइव्हचं अक्षर, नेटवर्कची केबल. आणि त्याच्याही आधी, ॲक्सेस न उघडता नुसता तो फोल्डर उघडतोय का ते बघा. हसू नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो कॉम्प्युटर शेअर केलेल्या फोल्डरवर जाताना प्रत्येक निरोपावर डिजिटल सहीची सक्ती करतात आणि पासवर्डशिवायचा पाहुणा प्रवेश नाकारतात. एखाद्या जुन्या नेटवर्क डिस्कवर बिनपासवर्डचा फोल्डर असेल तर नवीन कॉम्प्युटर दारातच अडतो, आणि शिव्या मात्र डेटाबेसला बसतात.

मस्टरने लावलेला शोध

आधी तो चौथा, फिरता प्रकार सांगतो, कारण सगळ्यांत जास्त डोकं त्यानेच खाल्लं.

एरर असायचा ३०५१ किंवा ३०४५. मथितार्थ असा की फाईल दुसऱ्या कुणीतरी फक्त स्वतःसाठी उघडली आहे, नाहीतर तुम्हाला परवानगी नाही. प्रत्येक जण शपथेवर सांगायचा की मी तसं काही केलेलं नाही, आणि ते खरंच होतं.

शेअर्ड ॲक्सेस डेटाबेस कुणी उघडला की त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची एक छोटी फाईल जन्माला येते. एसीसीडीबी फाईल असेल तर तिचं एक्स्टेन्शन एलएसीसीडीबी, जुनी एमडीबी असेल तर एलडीबी. ही लॉक फाईल. कोण कोण आत आहे आणि कुठली नोंद कोण बदलतंय याचा हिशेब तिच्या आधाराने ठेवला जातो. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसली जाते. आता यात मेख अशी की ही फाईल बनवायला, तिच्यात लिहायला आणि ती पुसायला प्रत्येकाला त्या फोल्डरवर हक्क लागतो. नुसता डेटाबेसच्या फाईलवर हक्क असून भागत नाही.

वहीतल्या वाईट दिवसांच्या तारखा घेतल्या आणि काकांकडून हजेरीचं मस्टर मागितलं. ते म्हणाले, "आता डेटाबेसला पण लेट मार्क लावणार का?" पण तारखा जुळल्या. वाईट दिवस म्हणजे ज्या दिवशी रिसेप्शनवरची नवीन मुलगी सगळ्यांत आधी आली ते दिवस. तिचं काम फक्त पक्षकारांचे फोन नंबर शोधायचं, म्हणून तिच्या लॉगिनला फोल्डरवर फक्त वाचण्याची परवानगी होती. दिसायला शहाणपणाचा निर्णय. पण साडेनऊला तिने डेटाबेस उघडला की लॉक फाईल बनवता यायची नाही. लॉक फाईल नाही म्हणजे वाटून वापरणं नाही. पुढे पावणेदहाला येणाऱ्या सगळ्यांना दार बंद.

ज्या दिवशी काका आधी यायचे त्या दिवशी उलटं. लॉक फाईल काकांनी बनवलेली, सगळे सुखेनैव आत, आणि अडायची फक्त ती मुलगी. तिला फाईल लॉक करता येत नाही असा एरर यायचा. ती बिचारी शेजारच्या मॅडमना विचारून नंबर घ्यायची. नवीन नोकरी, तक्रार कशाला करेल?

आणि मग रीस्टार्टने चार दिवस बरं का वाटायचं तेही उलगडलं. सगळे बाहेर पडले की पुन्हा पहिला आत कोण शिरणार? ज्यांना घाई आहे ते, म्हणजे काका. रिपेअरने काहीच रिपेअर होत नव्हतं, फक्त रांग बदलत होती.

उपाय दोन मिनिटांचा. सर्व्हरवर त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये दोन वेगळे टॅब असतात, शेअरिंग आणि सिक्युरिटी. दोन्हीकडे परवानग्या असतात आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला त्यातली जी कडक ती लागू होते. त्यामुळे एकीकडे सढळ हाताने दिलं आणि दुसरीकडे फक्त वाचणं राहिलं तर दिलेलं वाया. सगळ्यांचा एक गट करा, त्या गटाला शेअरिंगमध्ये 'चेंज' आणि सिक्युरिटीमध्ये 'मॉडिफाय' द्या, माणसागणिक परवानग्या वाटत बसू नका. एखाद्याने फक्त बघावं असं वाटत असेल तर त्याचा फॉर्म तसा करा, फोल्डर आवळू नका.

आत्ता आत कोण आहे ते बघायचं असेल तर लॉक फाईल नोटपॅडमध्ये उघडा, कॉम्प्युटरांची नावं दिसतात. मात्र बाहेर पडलेल्याचं नावही तिथे रेंगाळलेलं असू शकतं, तेव्हा लगेच कुणावर डोळे वटारू नका. खरी यादी सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये, शेअर्ड फोल्डर्सखाली 'ओपन फाईल्स' मध्ये मिळते. सगळे घरी गेल्यावरही लॉक फाईल उरत असेल तर कुणाचं तरी ॲक्सेस मागे लटकलेलं आहे, किंवा शेवटी जाणाऱ्याला पुसण्याचा हक्क नाही.

कायम अडणारी तीन मशीन

पहिलं, अकाउंट्सच्या मॅडमचं. एरर ३०४४, दिलेला पाथ बरोबर नाही. फ्रंट एंडमधली टेबलं बॅक एंडला जोडलेली होती ती 'झेड ड्राइव्ह' या पत्त्यावर. मॅडमच्या मशीनवर झेडला स्कॅनरचा फोल्डर जोडलेला, आणि सर्व्हर वाय ड्राइव्हवर. झेड हे अक्षर त्या त्या मशीनपुरतं खरं असतं, दुसऱ्या मशीनला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. अशा वेळी मॅडमचं अक्षर बदलून द्यायचा मोह होतो. तसं करू नका, उद्या कुणीतरी पुन्हा बदलेल. लिंक्ड टेबल मॅनेजर उघडा आणि पत्ता पूर्ण द्या: आधी दोन उलट्या तिरक्या रेघा, मग सर्व्हरचं नाव, मग शेअरचं. \\सर्व्हर\डेटा असा. हा पत्ता अकराही ठिकाणी सारखाच.

दुसरं, दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेलं नवंकोरं मशीन. फॉर्म उघडताच कोडची खिडकी, आणि त्यात संदेश की या प्रोजेक्टमधला कोड ६४ बिट सिस्टिमसाठी सुधारायला हवा. बाकी दहा ठिकाणी ३२ बिट ऑफिस होतं. ऑफिस २०१९ पासून इन्स्टॉल करताना न विचारता ६४ बिटच पडतं, म्हणून हा घोळ जुन्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला की हमखास होतो. तुमच्याकडे काय आहे ते फाईल, अकाउंट, अबाउट ॲक्सेस या वाटेने गेलात की वरच्या ओळीतच लिहिलेलं असतं. विंडोज ६४ बिट आहे की नाही हा प्रश्न इथे नाही, ऑफिस कितीचं ते बघायचं.

दोन रस्ते आहेत. कोड येत असेल तर 'डिक्लेअर' ने सुरू होणाऱ्या ओळींमध्ये 'पीटीआर-सेफ' हा शब्द घाला आणि जिथे हँडल किंवा पॉइंटर आहे तिथे 'लाँग' च्या जागी 'लाँग-पीटीआर' करा. ऑफिस २०१० आणि पुढच्या सगळ्यांत तो दोन्हीकडे चालतो. कोड येत नसेल तर त्या मशीनवरचं ऑफिस काढून ३२ बिट टाका. मी दुसरा रस्ता घेतला, खोटं कशाला बोलू. आणि फ्रंट एंड एसीसीडीई (कोड कुलूपबंद केलेली प्रत) करून दिलेलं असेल तर पर्यायच नाही, ३२ बिटवर बनवलेली एसीसीडीई ६४ बिटवर उघडत नाही.

तिसरं मशीन सगळ्यांत जुनं, ऑफिस २०१० वालं, इनवर्डच्या दादांचं. त्यावरचा प्रकार भुताटकीसारखा वाटतो. आजची तारीख देणारं साधं 'डेट' फंक्शन चालत नाही, अक्षरं कापणारं 'लेफ्ट' चालत नाही. प्रोजेक्ट किंवा लायब्ररी (कोडने उसना घेतलेला तयार कोडचा संच) सापडत नाही म्हणतो. माणूस त्या ओळीकडे तासभर बघत बसतो, कारण ओळीत चूक नसतेच.

ऑल्ट आणि एफ ११ दाबा, टूल्समध्ये रेफरन्सेस उघडा. यादीत एखाद्या नावापुढे 'मिसिंग' लिहिलेलं असेल तर तोच दोषी. इथे एक्सेलच्या लायब्ररीची १६.० आवृत्ती मागितली होती आणि दादांच्या मशीनवर होती १४.०. (२००७ म्हणजे १२, २०१० म्हणजे १४, तेराव्याला मायक्रोसॉफ्टने सोडचिठ्ठी दिली.) एक लायब्ररी हरवली की कोड वाचणाऱ्याचा गोंधळ होतो आणि बाकीच्या निरपराध फंक्शनांवर आळ येतो.

पण मी जुलैमध्येच हे नीट करून गेलो होतो! मग पुन्हा कसं? वहीत उत्तर होतं. बिलिंगचे काका, ऑफिस २०१६ वाले, महिन्यातून एकदा रिपोर्टचा एखादा कॉलम रुंद करायला डिझाइन उघडायचे आणि जतन करायचे. नव्या ऑफिसमधून फाईल उघडली की रेफरन्स आपोआप नव्या आवृत्तीवर चढतो, जुन्यातून उघडली तर खाली उतरत नाही. आणि फ्रंट एंड सगळ्यांचं एकच. काकांनी कॉलम रुंद केला की दादांची तारीख बंद. कोडमध्ये एक्सेलचा रेफरन्स काढून टाकून 'क्रिएट ऑब्जेक्ट' ने एक्सेलला ऐनवेळी हाक मारली की हे कायमचं मिटतं. ऑफिस २०१० चा सपोर्ट तर १३ ऑक्टोबर २०२० ला संपला. सगळ्यांकडे एकच आवृत्ती ठेवणं हा खरा उपाय. पण तो सरांच्या खिशातून जातो.

आवृत्त्यांच्या खिचडीवरून आठवलं. १२ नोव्हेंबर २०१९ च्या ऑफिस अपडेटनंतर जगभर ॲक्सेसवाल्यांना ३३४० एरर येऊ लागला, 'क्वेरी करप्ट आहे'. क्वेरीला काहीही झालेलं नव्हतं. बिघाड अपडेटमध्ये होता, मायक्रोसॉफ्टने तो मान्य केला आणि पुढच्या अपडेटांमध्ये काढला. ज्या मशीनवर अपडेट आलं तिथे एरर, ज्यावर नाही तिथे काम चालू. त्या आठवड्यात किती जणांनी चांगल्या फाईली रिपेअर करत बसून रात्री काढल्या असतील कोण जाणे. संदेशात 'करप्ट' लिहिलंय म्हणून फाईल करप्ट होत नाही. शेजारच्या मशीनवर उघडून बघा, मग घाबरा.

पिवळ्या पट्टीचं थोडक्यात सांगतो. डेटाबेस उघडतो पण बटणं दाबून काहीच होत नाही, एररसुद्धा नाही, अशी तक्रार असेल तर वरच्या बाजूला सुरक्षेची पिवळी पट्टी आली होती आणि कुणीतरी ती फुलीने बंद केली. कोड चालूच झालेला नाही. ट्रस्ट सेंटरमध्ये तो फोल्डर ट्रस्टेड लोकेशन म्हणून जोडा. फोल्डर नेटवर्कवर असेल तर तिथेच नेटवर्कवरच्या जागांना परवानगी देणारी वेगळी खूण करावी लागते. ही सेटिंग मशीनची नसून लॉगिनची असते, त्यामुळे सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या मशीनवर दुसरा बसला की त्याच्याकडे बटणं मेलेली.

एरर न देता चुकणारं मशीन

हे वहीत आलंच नाही. येणार कसं? एरर नव्हता.

सरांनी वर्षभराच्या बिलांचा रिपोर्ट मागितला, १ एप्रिल ते ३१ मार्च. मॅडमनी काढला तर एक बेरीज, बिलिंगच्या काकांनी काढला तर दुसरी, आणि ती मोठी. डेटा तोच, फ्रंट एंड तेच, बटण तेच. दोघांनी एकमेकांकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

ॲक्सेसच्या क्वेरीत दोन हॅशच्या मध्ये लिहिलेली तारीख अमेरिकन पद्धतीने वाचली जाते, महिना आधी आणि दिवस नंतर. तुमच्या विंडोजची सेटिंग काहीही असो. पण फॉर्ममधली तारीख कोडने उचलून हॅशमध्ये चिकटवताना मात्र ती विंडोजच्या सेटिंगप्रमाणे लिहिली जाते. काकांच्या मशीनवर इंग्लिश (इंडिया) होतं. त्यांची १ एप्रिल लिहिली गेली ०१/०४ आणि वाचली गेली ४ जानेवारी. शेवटची तारीख ३१/०३. एकतिसावा महिना नसतो, म्हणून तिथे ॲक्सेसने समजूतदारपणा दाखवला आणि ३१ मार्चच वाचली. म्हणजे रिपोर्ट ४ जानेवारीपासून निघाला, आधीच्या आर्थिक वर्षातली जवळजवळ तीन महिन्यांची बिलं फुकटात पोटात घेऊन.

मॅडमच्या मशीनवर कुणीच कधी सेटिंग बदललं नव्हतं, इंग्लिश (युनायटेड स्टेट्स) तसंच पडून होतं. त्यामुळे त्यांचं बरोबर. ज्याने सेटिंग नीट भारतीय केलं त्याला शिक्षा!

ओळखायची खूण सोपी आहे. महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या तारखांना गडबड (दिवस आणि महिना एकच असेल तेवढा अपवाद), १३ पासून सगळं सुरळीत, असं दिसलं की हाच रोग. सगळी मशीन अमेरिकन करून टाकू नका. मग लोक ५/४ टाइप करतील आणि नोंद पडेल ४ मेची, हे आणखी वाईट. कोडमध्ये तारीख चिकटवताना 'फॉरमॅट' फंक्शनने आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने लिहा. त्या क्रमाचा कुणीही दुसरा अर्थ लावत नाही. पंधरा ठिकाणी बदल करावा लागला, एक दुपार गेली.

सरांचा लॅपटॉप

सरांचा लॅपटॉप वाय-फायवर. येणे बाकीचा फॉर्म उघडा ठेवून ते केबिनमधून मीटिंगच्या खोलीत जायचे, झाकण मिटायचे, चहा घेऊन परत यायचे. मग डिस्क किंवा नेटवर्कचा एरर, ३०४३.

इथे ॲक्सेसचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. बॅक एंड सर्व्हरवर असला तरी काम करणारा सर्व्हर नसतो. प्रत्येक मशीन स्वतः फाईलचे तुकडे तारेवरून ओढून आणतं, बदलतं आणि परत नेऊन ठेवतं. ठेवता ठेवता जोडणी तुटली तर तुकडा अर्धवट, आणि यावेळी मात्र फाईल खरोखर खराब होऊ शकते, तीही सगळ्यांसाठी. म्हणून बॅक एंडवर लिहिणारं प्रत्येक मशीन केबलवर हवं. सरांच्या टेबलाला केबल ओढली आणि झाकण मिटल्यावर झोपण्याची सवय बंद केली. त्यांना ते आवडलेलं नाही. नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची खूणही काढा. बॅक एंड वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवायचा विचार कुणी मांडला तर त्याला प्रेमाने चहा पाजा आणि नाही म्हणा.

सर्व्हर म्हणून साधं विंडोज १० किंवा ११ वापरत असाल तर एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा असते, आणि १५ मिनिटं निवांत राहिलेली जोडणी सर्व्हर आपणहून तोडतो. जेवणाच्या सुट्टीनंतर काहींकडेच अडतं, ते बऱ्याचदा यामुळे. सर्व्हरवर 'नेट कॉन्फिग सर्व्हर' कमांडमध्ये ऑटोडिसकनेक्टची किंमत उणे एक दिली की ते थांबतं. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ आवृत्तीनंतर आणखी एक प्रकार निघाला होता, डेटाबेस 'विसंगत अवस्थेत' असल्याचा एरर पुन्हा पुन्हा येण्याचा. त्यात सर्व्हरवरचं फाईल लीजिंग (फाईलचा भाग आपल्याच मशीनवर तात्पुरता साठवू देणारी सोय) बंद केल्यावर लोकांची सुटका झाली. केबल, झोप, परवानग्या सगळं तपासून झालं आणि तरी फाईल वारंवार खराब होत असेल तरच तिकडे वळा.

मग केलं काय

बॅकअप घेतला. मग फ्रंट एंडची एकेक प्रत प्रत्येक मशीनच्या सी ड्राइव्हवर ठेवली. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट आता चार ओळींच्या बॅच फाईलकडे जातो. ती सर्व्हरवरून ताजी प्रत खाली आणते आणि उघडते. बिलिंगच्या काकांनी आपल्या प्रतीत कॉलम कितीही रुंद केला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा मूळ मापावर. काका दोन दिवस रुसले, मग त्यांना हवा तेवढा कॉलम मीच मूळ प्रतीत रुंद करून दिला. ट्रस्टेड लोकेशनही आता प्रत्येकाच्या सी ड्राइव्हवरचं, नेटवर्कची खूण लागत नाही. सर्व्हरवर फक्त बॅक एंड उरला.

कॉम्पॅक्ट अँड रिपेअर बंद केलेलं नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, सगळे बाहेर असताना, आधी प्रत काढून. फाईल फुगते ती आवरायला ते चांगलं आहे, ॲक्सेसच्या फाईलला २ जीबीची मर्यादा आहेच. पण 'काहींकडे चालत नाही' यावर ते औषध नाही.

एक गोष्ट अजून तशीच आहे. २०१३ पूर्वीच्या पक्षकारांचे पत्ते जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. ज्या चार मशीनवर तो फॉन्ट आहे तिथे सदाशिव पेठ दिसते, बाकीच्यांवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. फॉन्ट सगळीकडे टाकला तर आज भागेल, पण शोध कधीच नीट लागणार नाही. सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्यायला हवं, आणि ते काम कुणाचं यावर चर्चा चालू आहे.

जानेवारीत वही परत घेतली. शेवटच्या रकान्यात तेरा नोंदींपुढे कारणं लिहायची राहिली होती, ती भरली. फिरत्या एररच्या सात ओळी होत्या. रिसेप्शनवरची मुलगी जवळच उभी होती, म्हणाली, "दादा, म्हणजे इतके दिवस हे माझ्यामुळे होत होतं?" तिचं लॉगिन जूनमध्ये मीच बनवलं होतं. सातही ओळींपुढे माझं नाव लिहिलं आणि वही काकांना दिली.